मदत हवी आहे : कराओकेचे होस्ट टिकत नाहीत, मानधन किती द्यावे? (नागपूर)

मायकवाला
गेली सहा वर्षे नागपुरात माझा कराओकेचा (तयार संगीतावर पाहुण्यांनी गाण्याच्या कार्यक्रमांचा) व्यवसाय आहे. धरमपेठ आणि वर्धा मार्गावरील तीन हॉटेलांत आठवड्याचे ठरलेले कार्यक्रम असतात आणि लगीनसराईत लॉनवरचे. सगळीकडे मी स्वतः पोहोचू शकत नाही, म्हणून चार होस्ट कंत्राटी पद्धतीने, प्रत्येक कार्यक्रमाच्या हिशेबाने लावलेले आहेत. गेल्या महिन्यात त्यांतला सर्वांत चांगला होस्ट निघून गेला आणि गुरुवारचे हॉटेलही त्याच्याबरोबर गेले. आता दुसरी होस्ट म्हणते की तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांना मला गृहीत धरू नका. मी बाजारभावापेक्षा कमी देत नाही. प्रश्न साधा आहे : एका कार्यक्रमाला किती दिले म्हणजे माणूस टिकतो? कृपया आकडा सांगावा, व्याख्यान नको. शनिवारी दोन ठिकाणी कार्यक्रम आहेत आणि हाताशी माणूस एकच आहे.

हिशेबनीस
आकडा मागताना आपण स्वतःचा आकडा सांगितलेला नाही. आपण सध्या किती देता, यंत्रसामग्री कोणाची, येण्याजाण्याचा खर्च कोणाकडे आणि पैसे कार्यक्रमानंतर किती दिवसांनी हातात पडतात, हे कळल्याशिवाय कोणी आकडा सांगितला तर तो अंदाजपंचे असेल.

मायकवाला
यंत्रसामग्री अर्थातच माझी. लॅपटॉप आणि ट्रॅक तेवढे होस्टचे. मानधन १,८०० रुपये, पेट्रोल त्यातच.

लॉनवाला
मानधनाच्या मागे लागू नका. माझ्याकडे सजावटीची माणसे अशीच पळत असत. तेव्हापासून मी तीन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतो : काम सोडल्यावर दोन वर्षे नागपूर जिल्ह्यात हाच धंदा करायचा नाही. एक माणूस हलला नाही.

कोर्टकचेरी
वरील सल्ल्यावर विसंबू नये. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो. व्यवसाय नावासकट विकताना त्याला अपवाद आहे, पण तो येथे लागू नाही. करार चालू असेपर्यंत आपल्या ग्राहकाकडे परस्पर काम घेऊ नये, अशी अट घालता येते. काम सोडून गेलेल्या माणसाला दोन वर्षे घरी बसवता येत नाही. शिवाय होस्टने कोणता सदरा घालावा, किती वाजता यावे आणि दुसरीकडे गाऊ नये हे सारे आपणच ठरवत असाल, तर उद्या तो 'मी कंत्राटदार नव्हतो, नोकर होतो' असे म्हणू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

लॉनवाला
कायदा काहीही असो, माणूस कागदाला घाबरतो.

जुनी_सुपारी
मी ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवत असे. आमच्या वेळी कार्यक्रमाची सुपारी ठरली की इसार (आगाऊ रक्कम) मिळे आणि उरलेली नाइट, म्हणजे त्या रात्रीचे मानधन, कार्यक्रम संपल्यावर तिथेच, पेट्या टेम्पोत चढण्यापूर्वी मोजून दिली जाई. आपण होस्टना हंगामाच्या सुरुवातीला चांगली पंचवीस-तीस हजारांची उचल द्यावी. ती फिटेपर्यंत माणूस जात नाही.

कोर्टकचेरी
उचल देऊन माणूस बांधून ठेवण्याची रीत ऊसतोडीत काय करते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती गाण्याच्या धंद्यात आणू नये.

परवाना_पाहिजे
धागाकर्त्याने हॉटेलांतील गाण्यांचे परवाने घेतले आहेत का? पीपीएल (ध्वनिमुद्रणाचे हक्क) आणि आयपीआरएस (गीत-संगीताचे हक्क) या निरनिराळ्या हक्कांसाठी शुल्क घेणाऱ्या दोन वेगळ्या संस्था आहेत. लग्नसमारंभाला प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सूट दिलेली आहे. हॉटेलातील व्यावसायिक कार्यक्रमाला ती लागू होत नाही.

मायकवाला
परवाना हॉटेल पाहते. मी होस्टबद्दल विचारतो आहे.

मंद्रसप्तक
मी नागपुरातच, दुसऱ्या एका व्यावसायिकाकडे, दोन वर्षे कराओके होस्ट होते आणि आता ते काम सोडले आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. कार्यक्रम साडेसातचा असला तरी आम्ही पाचला पोहोचतो, कारण स्पीकरची जागा बदलली की माइक शिट्टी मारू लागतो आणि ती पाहुण्यांसमोर काढत बसता येत नाही. नंतर चिठ्ठ्या सांभाळायच्या. ज्या काकांना तिसऱ्यांदा गायचे आहे त्यांना न दुखवता थांबवायचे, आणि जी मुलगी तासभर चिठ्ठी हातात धरून बसली आहे तिला पुढे आणायचे. एखाद्याचा आवाज पहिल्याच ओळीत चिरकला तर पुढचे कडवे येण्याआधी पट्टी दोन स्वर खाली आणायची, तीही अशी की त्याला वाटावे आपलाच आवाज लागला. लॉनवर दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो आणि तेव्हाच नवरदेवाच्या मित्रांना रंग चढलेला असतो. त्यांचे बोलणे मालक नव्हे, होस्ट ऐकतो. हॉटेलाला गुरुवारी जो माणूस दिसतो तो होस्टच असतो, त्यामुळे हॉटेल त्याच्यामागे गेले यात मला नवल वाटत नाही.

मला १,५०० मिळत, पण मी त्यासाठी सोडले नाही. दिवाळीआधीच्या कार्यक्रमांचे पैसे संक्रांतीनंतर आले, आणि दर वेळी मीच निरोप पाठवून आठवण करून द्यायची, जणू उसने मागते आहे. त्यातच एकदा सायंकाळी चार वाजता पावसामुळे लॉनचा कार्यक्रम रद्द झाला. त्या तारखेसाठी मी दुसरे काम नाकारले होते आणि मला एक रुपयाही मिळाला नाही. आपण पैसे केव्हा देता, हा हिशेबनीस यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

मायकवाला
हॉटेल पंचेचाळीस दिवसांनी देते, कधी साठ. त्यांचे आले की मी दोन दिवसांत देतो, एक दिवसही अडवून ठेवत नाही. १० टक्के कर मात्र कापतो, तो नियमच आहे.

हिशेबनीस
तो कर आपण कोठे भरता? व्यवसाय व्यक्तीच्या नावावर असेल आणि मागील वर्षाची उलाढाल १ कोटीच्या आत असेल, तर कंत्राटदाराच्या देयकातून उगमस्थानी कर (टीडीएस) कापण्याची जबाबदारीच येत नाही. ती आली तरी व्यक्तीसाठी कंत्राटाचा दर १ टक्का आहे, तोही एका देयकात ३०,००० किंवा वर्षभरात १ लाखाची मर्यादा ओलांडल्यावर. आपले होस्ट 'व्यावसायिक सेवा' देतात असे मानले तर १० टक्के येतात, परंतु उलाढालीची अट तेथेही आहे.

मायकवाला
उलाढाल चौदा-पंधरा लाख आहे. एका परिचिताने सांगितले म्हणून कापत होतो. भरलेला नाही, वेगळा ठेवलेला आहे.

जुनी_सुपारी
म्हणजे १,८०० नव्हे, १,६२०. आणि तेही दोन महिन्यांनी.

हिशेबनीस
ते पैसे होस्टांचे आहेत. आज परत करावेत. हॉटेलाची उधारी आपल्या व्यवसायाची आहे, ती होस्टने का सोसावी? चार होस्टांचे दोन महिन्यांचे मानधन सुमारे एक लाख होत असेल, तर तेवढे खेळते भांडवल बाजूला ठेवून आठवड्याच्या आठवड्याला पैसे द्यावेत आणि ते जमत नसेल तर एक हॉटेल कमी करावे.

लॉनवाला
आठवड्याला पैसे दिले की सोमवारी माणूस फोन उचलत नाही. अनुभव आहे.

मंद्रसप्तक
फोन न उचलणारा माणूस कदाचित आपला बॉण्ड वाचत असेल.

मायकवाला
दोन दिवसांनी लिहितो आहे. कापलेले पैसे चौघांनाही परत केले, सोडून गेलेल्यालाही. गुरुवारचे हॉटेल तो परत देणार नाही, पण शनिवारी एका कार्यक्रमाला येण्यास तयार आहे : २,५०० रुपये, कार्यक्रमाआधी. पाठवले. दुसऱ्या होस्टने दर वाढवून मागितलेलाच नाही. तिला पैसे मिळण्याची तारीख आणि चोवीस तासांच्या आत कार्यक्रम रद्द झाल्यास निम्मे मानधन, एवढे लेखी हवे आहे. तारखेला मी तयार आहे. निम्म्या मानधनाचे अजून ठरत नाही, कारण लॉनवाले मला त्यातले काहीच देत नाहीत. कोणी ग्राहकाकडून इसार घेऊन त्यातून हे भागवते का?

जुनी_सुपारी
इसार त्यासाठीच असतो. रद्द झाला तर परत देत नाहीत.