‘वचन बदला’चा तक्ता दुसरीतल्या मुलांना द्यावा का?

धागाकर्ती:
माझी मुलगी दुसरीत शिकते. गेल्या आठवड्यात तिला घरी करण्यासाठी ‘वचन बदला’ असा दहा शब्दांचा तक्ता मिळाला होता. घोडा, आंबा, नदी, फूल हे शब्द तिने बिनचूक सोडवले. ‘उंदीर’पुढे मात्र ‘उंदरे’ लिहिले आणि त्यावर लाल फुली आली. आदल्याच संध्याकाळी हीच मुलगी माळ्याकडे बोट दाखवून ‘आई, दोन उंदीर पळाले!’ असे ओरडली होती. बोलताना अचूक येते ते लिहिताना का बिघडले, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘वर लिहिलंय ना, बदला म्हणून.’

मला तिचे म्हणणे पटते. आकारान्त सोडून बाकीची पुल्लिंगी नामे अनेकवचनात बदलत नाहीत. दगड, लाडू, पक्षी एक असोत की दहा, शब्द तोच राहतो आणि अनेकपण कळते ते ‘पळाला–पळाले’ या क्रियापदावरून किंवा ‘मोठा लाडू–मोठे लाडू’ अशा विशेषणावरून. म्हणजे वचन एकट्या नामात नसते, ते वाक्यभर पसरलेले असते. ‘वेळ’ हा शब्द सुटा दिला तर मुलाने काय लिहावे? ‘माझा बराच वेळ गेला’ यातला वेळ पुल्लिंगी आहे, तर ‘जेवणाची वेळ झाली’ यातली वेळ स्त्रीलिंगी आहे आणि ‘वेळा’ हे अनेकवचन फक्त दुसरीचे होते. चौथीपर्यंत असे तक्ते देऊच नयेत, वचन वाक्यांतूनच शिकवावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (प्राथमिक शिक्षिका):
मी सहमत नाही. मुलांना बोलता येते म्हणून लिहिता येते असे होत नाही. दरवर्षी माझ्या वर्गातली निम्मी मुले ‘फूले’, ‘मूले’, ‘वीटा’ असे लिहितात, कारण फूल, मूल, वीट यांतला दीर्घ स्वर अनेकवचनात ऱ्हस्व होतो हे कानाला जाणवत नाही. शिवाय घरात ‘घरं, फुलं’ म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकात ‘घरे, फुले’ दिसते. अशा वेळी एकाखाली एक मांडलेले शब्द डोळ्यांना जे शिकवतात ते गोष्टी सांगून साधत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत चूक झाली ती तक्त्याच्या शीर्षकाची. ‘बदला’ऐवजी ‘अनेकवचन लिहा’ असे हवे होते, आणि न बदलणारे दोन-तीन शब्द आधी फळ्यावर सोडवून दाखवायला हवे होते.

प्रतिसाद २:
धागाकर्तीच्या बाजूने एक अनुभव सांगतो. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून ‘हा वग आहे, आता असे दोन आहेत’ असे म्हणून वाक्य पुरे करायला सांगितले होते, आणि मुलांनी कधीही न ऐकलेल्या शब्दाचे इंग्रजी अनेकवचन बरोबर केले होते. तसेच मी माझ्या पाच वर्षांच्या भाच्याबरोबर करून पाहिले. कागदावर एक गोलमटोल प्राणी काढून ‘हा गुपडा’ म्हटले, तर तो लगेच ‘दोन गुपडे’ म्हणाला. ‘ही गुपडी’ म्हटल्यावर ‘दोन गुपड्या’ झाल्या आणि ‘हे गुपडं’ म्हटल्यावर किंचित थांबून ‘दोन गुपडी’. त्याला कुणी नियम शिकवलेला नाही. हा, ही, हे एवढा आधार त्याला पुरला. तक्त्यात नेमका तोच आधार काढून घेतलेला असतो.

प्रतिसाद ३ (मेळघाटातील शिक्षक):
तुमचा भाचा मराठी घरातला आहे. माझ्या वर्गातली बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. ‘कोरकू’ हेच मुळी अनेकवचन आहे: ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. त्या भाषेत संस्कृतप्रमाणे द्विवचनही आहे. ज्या मुलाच्या घरच्या भाषेत दोन बैलांसाठी एक रूप आणि तीन बैलांसाठी दुसरे असते, त्याला ‘कानाला बरे वाटेल ते लिही’ असे मी कोणत्या तोंडाने सांगू? भिंत–भिंती पण वीट–विटा. दोन्ही शब्द अकारान्त स्त्रीलिंगी, तरी रूपे वेगळी. मराठी मुलाचा कान हे सांभाळून घेतो. माझ्या मुलांना त्या जोड्या समोर लिहून द्याव्याच लागतात आणि त्या रोज म्हणून घ्याव्या लागतात.

धागाकर्ती:
मेळघाटातल्या सरांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तिथे तक्ता हवा हे मान्य करते, फक्त त्यात नुसता ‘उंदीर’ न लिहिता ‘हा उंदीर’, ‘ही भिंत’, ‘हे फूल’ असे लिहावे, एवढा आग्रह धरते. ज्यांची घरची भाषा मराठी आहे त्यांच्याबाबत माझे मत बदललेले नाही.

प्रतिसाद १ (प्राथमिक शिक्षिका):
‘हा, ही, हे’ उद्याच्या तक्त्यापासून लिहीन. तक्ता मात्र दुसरीतच देईन, कारण ‘फूले’ची सवय दोन वर्षे मुरल्यावर चौथीत ती मोडणे किती कठीण जाते हे मी पाहिले आहे.