घरातला फौजी: त्याची ट्रंक, त्याच्या सवयी (अनुभव धागा)

माजघर
पाऊस सरला, माळ्यावरचं सामान खळ्यात उन्हाला आलं, आणि त्यात नानांची, म्हणजे माझ्या फौजी काकांची, काळी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात आयसी नंबर (अधिकाऱ्याचा लष्करी क्रमांक), मेजर, आडनाव. उघडली तर बुरा, डांबरगोळ्या आणि बूटपॉलिश यांचा मिळून एकच वास.

निवृत्तीनंतरही दाढी झाल्याशिवाय चहा नाही. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली वीतभर खोचलेली. टॉर्च दारामागच्या खिळ्याला, पण सेल बाहेर काढून शेजारी, कारण आपल्या दमट हवेत आत राहिलेले सेल पाझरतात आणि स्प्रिंग हिरवी पडते. ट्रंकेत काकूला लिहिलेली इनलँड पत्रं आहेत, प्रत्येकाच्या कोपऱ्यात अनुक्रमांक. फील्डमधलं टपाल पुढेमागे पोचतं. ४१ नंतर ४३ आलं की काकूला कळायचं, एक वाटेत आहे. शेवटचं २१७.

ज्यांच्या घरी असे कुणी होते त्यांनी लिहा. काय जपलंत, कसं, आणि काय बिघडलं?

कातळसडा
ट्रंक परत माळ्यावर चढवायची घाई नको. आतून कोरड्या फडक्याने पुसून झाकण उघडं ठेवून दोन दिवस उन्हात. कपडे मात्र सावलीतल्या वाऱ्यावर, कडक उन्हात ऑलिव्ह ग्रीन घड्यांवर पट्टे पडून विटतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद पिवळा पडतो नि डाग सोडतो. जुनं धुवट धोतर घ्या, पण खळ न घातलेलं. खळीवर झुरळं आणि कसर दोन्ही येतात. डांबरगोळ्या पुरचुंडीत, बटणांना आणि जरीला टेकता कामा नयेत. पितळी बटणांखाली कापडाचा तुकडा सरकवा, नाहीतर गणवेशावर हिरवा गोल उमटतो आणि तो जात नाही. ट्रंकेखाली चार बाजूला विटा.

पन्हळ
विटांवर +१. शेणाने सारवलेल्या जमिनीवर थेट ठेवलेली ट्रंक तळातून सडते, वरून काही कळत नाही.

साखरतर
रमची बाटली नाही निघाली का ट्रंकेत? 😄

माजघर
निघाली. आत फिनेल होतं, चिठ्ठी लावून. नाना होते ते.

ओहळ
मेडलं ब्रासोने घासू नका, हात जोडून सांगते. नंबर, हुद्दा, नाव कडेवर असतं आणि घासताना आधी तेच झिजतं. मग ते मेडल कुणाचंही. चिंच, लिंबू, राख तर नाहीच नाही. कोरडं मऊ सुती कापड, बस्स. धरायचं कडेने, घामाचे ठसे काळे पडतात. रिबन धुवायची नाही, एका पट्ट्याचा रंग शेजारच्यात उतरतो. फाटलीच तर नवी मिळते, रुंदी ३२ मिमी सांगा. फ्रेम केली तर काच मेडलला टेकू देऊ नका आणि ती पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. पाऊस त्याच भिंतीला झोडपतो, चिऱ्यातून ओल आत येते.

१९७१ च्या युद्धातली असतील तर ताऱ्याच्या आकाराची दोन: पूर्व आघाडीवर लढले त्यांना ‘पूर्वी स्टार’. पंजाब-राजस्थानकडे लढले त्यांना ‘पश्चिमी स्टार’. संग्राम मेडल वेगळं, ते गोल.

साखरतर
श्राद्धाला मुलाने ती लावली तर चालतात का?

ओहळ
उजव्या छातीवर. डावीकडे ज्याची त्यानेच. मानाचं मेडल छातीच्या मध्याकडे, बाकीची बाहेर.

व्हाळाकाठ
ट्रंक वगैरे ठीक, काकूंचे कागद बघितलेत का? फौजी माणूस घर शिस्तीत ठेवतो आणि नेमकी बायकोची जन्मतारीख पीपीओवर (निवृत्तिवेतनाच्या आदेशावर) नसते! कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी ८० ची झाली की मूळ रकमेवर २०% वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, शंभरीला १००. पण नोंदीत तारीखच नसेल तर ती वाढ आपणहून सुरू होत नाही. आताच आधार, पॅन दाखवून नोंदवून घ्या.

दुसरी गफलत नावाची. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. पीपीओवर सासरचं, आधारवर माहेरचं, पासबुकात भलतंच. तिन्ही एकच बाई, असं प्रतिज्ञापत्र करावंच लागतं.

आणि रकमेचा घोळ. निवृत्त फौजीच्या मृत्यूपासून ७ वर्षं किंवा ते ६७ चे झाले असते ती तारीख, यातलं जे आधी येईल तोवर शेवटच्या मूळ वेतनाच्या ५०%, पुढे ३०%. म्हणजे माणूस पंच्याहत्तरीत गेला तर पहिल्या दिवसापासून ३०च. ‘बँकेने कापले’ म्हणून भांडू नये. मृत्यूनंतर जमा झालेलं त्यांचं निवृत्तिवेतन काढू नका, वसुली होते.

पन्हळ
हयातीचा दाखला नोव्हेंबरात. भांडी घासून, शेतीत राबून बोटांचे ठसे उमटत नाहीत, मशीन दहादा नाकारतं. फोनवर चेहऱ्याने होतो. पाठीमागे खिडकी नको, उजेड तोंडावर हवा.

कुणगा
बंदूक असेल तर आधी ते. परवाना माणसाबरोबर संपतो. शेतीसंरक्षणाची असो नाहीतर ठासणीची, वारसाने लगेच पोलिसठाण्यात जमा करून पावती घ्यायची, मग वारसाच्या नावे अर्ज. घरात ‘आठवण’ म्हणून लटकवली तर बेकायदा हत्यार ठरतं. जमा करताना नळीला आतून तेल द्या, पावतीवर नंबर स्वतः वाचून घ्या.

कातळसडा
नानांची बाग कोण बघतं आता? ती रांग बघून कुणीही म्हणेल इथे फौजी राहतो. कवायतीत ‘दाहिने सज’ केल्यासारखी हापूसची कलमं.

माजघर
मधली चुलतबहीण. झाडांत अंतर १० मीटर बाय १० मीटर, एकरी ४०. कातळात सुरुंग लावून मीटरभर खोल, तितकाच लांबरुंद खड्डा, वरून आणलेली माती आणि शेणखत. कलमाच्या सांध्याखालून फुटवा आला की नाना त्याच दिवशी काढायचे. राहू दिला तर खालचा रायवळ (गावठी आंबा) माजतो, हापूस खाली दबतो. दोन झाडांवर तसंच झालंय. ती रांगेबाहेरची, आम्ही लावलेली.

साखरतर
फौजीच म्हणाल तर आपल्या कोकणातलं कॅम्प दापोली हे नावच छावणीचं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले होते. गावोगावी पेन्शनर फौजी, म्हणून तारखेला पोस्टात रांग.

ओहळ
फोटो काचेला चिकटलेत का? ओढू नका!! वरचा थरच निघतो, डोळे नाक काचेवर राहतात. काचेसकट स्कॅन करा.

माजघर
एक आहे चिकटलेला, काकू-नाना बेळगावला. तसाच स्कॅन करते. सिलिका जेलच्या पुड्या निघाल्यात, गुलाबी झाल्यात. टाकू?

पन्हळ
टाकू नको. जुन्या तव्यावर मंद आचेवर परत निळ्या होईपर्यंत. कागदाच्या पुडीतून आधी काढून घे. खिडकी उघडी ठेव, आणि तो तवा परत भाकरीला नको.