मदत हवी आहे: लेदर कोरल उघडतच नाहीये, कड काळी पडतेय

घोडबंदर_रीफ:
माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं लेदर कोरल (एक प्रवाळ) बरेच दिवस मिटून बसलंय. पॉलिप्स (त्यावरचे फुलासारखे बारीक जीव) अजिबात बाहेर नाहीत, वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आलाय. कालपासून कोरलच्या वरच्या टोपीची एक कड काळसर, बुळबुळीत झालीय, वासही येतोय. पाणी एकदम व्यवस्थित आहे. कोणतं औषध टाकू? लवकर सांगा, डोळ्यांदेखत चाललंय.

ऐरोलीकर७:
व्यवस्थित म्हणजे किती? खारटपणा, तापमान, केएच (क्षारता), नायट्रेट आकड्यांत द्या. टाकी किती लिटरची? चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) आहे?

सागरवेडी_ठाणे:
पापुद्र्याला घाबरू नका. लेदर अधूनमधून कात टाकतं, तेव्हा मिटूनच असतं. प्रवाह वाढवा, पापुद्रा वाहून जाईल. माझं दरवेळी असंच उघडलंय.

ऐरोलीकर७:
पापुद्रा ठीक. काळी कड आणि वास म्हणजे कूज. वाट बघू नका.

खारघर_मत्स्य:
मांडव्याहून समुद्राचं पाणी आणा आणि निम्मं बदला. नैसर्गिक पाण्याला तोड नाही!

सागरवेडी_ठाणे:
किनाऱ्यालगतचं? पावसात ते गोडं होतं, एरवी सांडपाणी मिसळलेलं. आजारी जिवाला ते अजिबात नको.

वनमित्र:
पावती आहे का? दगडी प्रवाळ सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

ऐरोलीकर७:
लेदर मऊ प्रवाळ आहे हो, त्याला दगडी सांगाडा नसतो. त्यांना आधी ते जगवू द्या.

वनमित्र:
बरं. पण बाकीच्यांनी लक्षात ठेवा. जिवंत दगडी प्रवाळ बघायचे तर मालवणला पाण्याखाली जाऊन बघा, घरी आणू नका.

घोडबंदर_रीफ:
औषध कोणी सांगेल का? टाकी १२० लिटर. चिलर नाही, पंखा लावलाय, तरी या ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी २९ अंश होतात. केएच ८, नायट्रेट १०. खारटपणा काट्याच्या हायड्रोमीटरवर १.०२५. पंख्याने पातळी उतरते, ती रोज स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्यात मीठ घालून भरतो. मग चुकतंय काय?

ऐरोलीकर७:
हेच! वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. तुम्ही रोज वर आणखी मीठ घालताय. आणि काट्यावर क्षार बसले की तो कमी दाखवतो. कोणाचा तरी रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा अचूक मोजायचं उपकरण) आणा, आजच. तो आधी ३५ पीपीटीच्या (हजारी ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या. पिण्याच्या आरओत टीडीएस कंट्रोलर असेल तर तो गाळलेल्या पाण्यात नळाचं मूळ पाणी मिसळतो, तेही तपासा.

घोडबंदर_रीफ:
सोसायटीतल्या एकांकडून आणला. १.०३१! आता एकदम गोडं पाणी ओतू?

ऐरोलीकर७:
मुळीच नाही. दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त उतरवू नका. टाकीतलं थोडं खारं पाणी काढा, तेवढंच बिनमिठाचं आरओ थोडं थोडं सोडा. पुढे पातळी भरायलाही तेच. कोरल टाकीच्याच पाण्याच्या टबात घ्या, हातमोजे घाला आणि काळा भाग नव्या ब्लेडने कापा, शेजारची चांगली कडही थोडी जाऊ दे. मग आयोडीनचा डिप (त्याच्या द्रावणात बुडवणं), बाटलीवर लिहिलंय तेवढाच.

सागरवेडी_ठाणे:
कापणं मला पटत नाही. आधी खारटपणा उतरू दे, इतका ताण एकदम कशाला?

ऐरोलीकर७:
कूज पसरत नसती तर मीही थांबलो असतो. वास येतोय म्हणजे उद्यापर्यंत टोपी जाईल.

घोडबंदर_रीफ:
कापतोय. पाणी शुद्ध करणारा कार्बन आत्ता टाकू की नंतर?

ऐरोलीकर७:
आत्ताच. कापलेलं लेदर पाण्यात विषारी द्रव्यं सोडतं. कार्बनची पिशवी आरओत धुऊन जोरदार प्रवाहात ठेवा.

कळवा_बेट्टा:
माझ्या बेट्टा माशाचे पंख झडतायत, त्यालाही आयोडीन चालेल का?