एपिक फँटसी कधीच न वाचलेल्या ताईसाठी पहिली मालिका कोणती? मदत हवी आहे

मंडळी,

ताईला एपिक फँटसीतली (म्हणजे जादू असलेल्या कल्पित जगातल्या भव्य कथांमधली) पहिली मालिका सुचवायची आहे आणि माझं काही केल्या ठरत नाहीये. ती वाचनात अजिबात नवखी नाही. रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्या ती झपाटल्यासारखी वाचते, जाड पुस्तकांना घाबरत नाही, आणि खुनी कोण हे बहुतेकदा माझ्या आधी ओळखते. पण जादू आली की काहीही घडू शकतं, मग पुढे काय होणार याची धाकधूक कशाला वाटेल, हा तिचा जुना आक्षेप. आता तीच म्हणाली, "एक मालिका दे, मनापासून वाचते." हा साहित्यप्रकार मला जिवापाड आवडतो, आणि पहिलंच पुस्तक तिच्या मनात उतरलं नाही तर ती पुन्हा या वाटेला फिरकणार नाही हेही मला ठाऊक आहे.

तिची अट एकच: मालिका पूर्ण झालेली हवी.

त्यामुळे 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' बाद. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पहिला भाग (1996) तिच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. दरबारातल्या एका संशयास्पद मृत्यूचा माग काढत नेड स्टार्क जुने दस्तऐवज चाळतो, लोकांना गाठून प्रश्न विचारतो. रहस्यकथेच्या वाचकाला याहून काय हवं? पण पाचवा भाग 2011 साली आला आणि उरलेल्या दोन भागांची वाट आपण सगळे अजून पाहतोय. 'द नेम ऑफ द विंड'चीही तीच गत, दुसऱ्या भागानंतर तिसरा आलेलाच नाही.

टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आधी द्या, असं बरेच जण सांगतील. माझं ते अत्यंत लाडकं पुस्तक आहे, तरीही पहिलं म्हणून द्यायला मन धजत नाही. सुरुवातीला हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या चालीरीतींवर प्रस्तावना, अंगठी हाती आल्यावर नायक फ्रोडो शायर हा आपला मुलूख सोडतो तो तब्बल 17 वर्षांनी, पुढे एलरॉन्डच्या सभेचं ते लांबलचक प्रकरण. ज्याला त्या जगाची गोडी लागली आहे त्याला हे सगळं हवंहवंसं वाटतं. ताईला ती गोडी आधी लागायला हवी, टॉल्किन त्यानंतर. 'व्हील ऑफ टाइम' पूर्ण आहे, पण 14 जाडजूड भाग पहिल्याच वेळी कोणाच्या हाती ठेवायचे नाहीत. 'मलाझन' तर नकोच, त्यात लेखक कुणाचीही ओळख करून न देता थेट युद्धाच्या मध्यात नेऊन सोडतो.

माझ्या मते खरी निवड तिघांमधली आहे.

पहिली 'मिस्टबॉर्न', 2006 ते 2008 मध्ये आलेले तीन भाग. ताईच्या आक्षेपाला याहून चोख उत्तर मला माहीत नाही. इथली जादू धातूंवर चालते. धातूचा कण गिळायचा आणि पोटात तो 'जाळायचा'. कथील जाळलं की डोळे-कान तीक्ष्ण होतात, पोलाद जाळलं की आसपासच्या धातूच्या वस्तू दूर ढकलता येतात. पण ढकलणाऱ्यालाही तेवढाच उलटा रेटा बसतो. नायिका व्हिन जमिनीवर नाणं टाकते, त्याला खाली ढकलते आणि स्वतः हवेत उसळते. तेच बळ तिच्याहून जड वस्तूवर लावलं तर वस्तू जागची हलत नाही, व्हिनच मागे फेकली जाते. गिळलेला धातू संपला की ताकद संपली. म्हणजे काहीही घडू शकत नाही. जे घडतं ते नियमात बसूनच, आणि नियम माहीत असल्यामुळे प्रत्येक मारामारीत आपणही डोकं चालवत बसतो. शिवाय पहिल्या भागाचा सांगाडा थेट दरोड्याच्या कथेचा आहे: चोरांची टोळी, प्रत्येकाचं वेगळं कसब, आणि समोर साम्राज्याचा खजिना. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एका जुन्या रोजनिशीतला उतारा असतो. ती कोणाची, हे कोडं ताई सोडणार नाही. उणी बाजूही आहे. भाषा साधी, कामापुरती आहे, आणि दुसऱ्या भागात शहराला वेढा पडल्यावर कथा बराच काळ एकाच जागी घोटाळते.

दुसरी रॉबिन हॉबची 'फारसीअर' त्रयी (1995 ते 1997). राजपुत्राचा अनौरस मुलगा फिट्झ तबेल्यात वाढतो आणि राजासाठी गुपचूप मारेकरी म्हणून तयार होतो. सगळं निवेदन त्याच्याच तोंडून. जादू बेताची आणि राजवाड्यातले डावपेच भरपूर, त्यामुळे ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला घरच्यासारखं वाटेल. माणसं तर इतकी खरी की त्यांच्या काळजीने झोप उडावी. पण फिट्झच्या वाट्याला येणारं दुःख फार आहे, आणि तिसरा भाग लांब आणि संथ. पहिल्याच अनुभवाला हे सोसेल का?

तिसरी 'अर्थसी'. पहिलं पुस्तक 1968 चं, छोटंसं, आणि त्याची गोष्ट त्याच पुस्तकात पुरी होते. लुटारू गावावर चालून येतात तेव्हा पोरगेला गेड दाट धुकं उभं करतो आणि अख्खं गाव त्यात लपवतो. तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून नुसताच बसलो होतो. पुढे अहंकारापोटी त्याच्या हातून एक काळी सावली जगात सुटते आणि त्याच्याच मागे लागते. भाषेच्या सौंदर्यात बाकीची दोन्ही याच्या जवळपास येत नाहीत. पण संवाद कमी, आणि निवेदन जुन्या आख्यानासारखं थोडं लांबून केलेलं. संवादांतून धागेदोरे वेचणाऱ्या ताईला ते कोरडं वाटेल अशी धास्ती आहे.

माझा कल 'मिस्टबॉर्न'कडे आहे. तरी तुमच्याकडून हे हवं आहे: रहस्यकथांकडून फँटसीकडे वळलेले कोणी असाल तर तुम्हाला नेमकं कशाने धरून ठेवलं? 'फारसीअर' ज्यांनी सर्वात आधी वाचली, त्यांना पुढे वाचत राहावंसं वाटलं की दमायला झालं? आणि 'द फिफ्थ सीझन' नवख्या वाचकाला झेपेल का? तो ज्या त्रयीचा पहिला भाग आहे तिला सलग तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि तिन्ही भाग आलेले आहेत, पण त्यातला 'तू'ला उद्देशून चालणारा भाग सुरुवातीलाच अंगावर येतो, म्हणून मी ती बाजूला ठेवली आहे.

वेगळी मालिका सुचवणार असाल तर ती पूर्ण झाली आहे ना आणि पहिला भाग स्वतंत्रपणे वाचता येतो का, एवढं जरूर लिहा. कथानकातले धक्के कृपया फोडू नका. तुमची उत्तरं मी ताईलाच वाचायला देणार आहे.