घरच्या पीसीच्या बॅकअपला कुठलं सॉफ्टवेअर? (हार्ड डिस्क टक टक करतेय)

घणसोलीकर:
नमस्कार मंडळी, घरी असेंबल्ड पीसी आहे, २५६ जीबी एसएसडीवर विंडोज १० आणि आत १ टीबीची जुनी हार्ड डिस्क, त्यात बायकोच्या क्लासच्या नोट्स, पोरीचे जन्मापासूनचे फोटो आणि सोसायटीचे हिशोब (खजिनदारकी गळ्यात पडलीय). परवा संध्याकाळी तीनदा लाईट गेली, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, तेव्हापासून डिस्कमधून टक.. टक.. येतंय. आधी मॅक्रियम रिफ्लेक्टचं फ्री व्हर्जन होतं, पण त्याचे अपडेट्स २०२४ पासून बंद. आता काय घेऊ? पैसे भरून एखादं घेऊ की फुकटातलं क्लोनझिला? आणि नुसतं कॉपी पेस्ट केलं तर नाही का चालणार, इमेज (अख्ख्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत) कशाला?

नौपाडा_नाना:
अहो सॉफ्टवेअर नंतर शोधा!! टक टक करणाऱ्या डिस्कची इमेज काढायला बसलात तर ते अख्खी डिस्क वाचत बसणार आणि मधेच ती राम म्हणायची. आधी फोटो, मग हिशोब, मग नोट्स, ह्याच क्रमाने दुसऱ्या डिस्कवर उचला. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) तर अजिबात चालवू नका, ते आजारी डिस्कवर आणखी लिहायला जातं.

कोपरखैरणेची_ताई:
नानांना अनुमोदन. इमेजचं म्हणाल तर ती विंडोजच्या ड्राइव्हसाठी. फोटो कॉपी करून परत येतात, पण विंडोज, टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळी सेटिंग्ज कॉपी पेस्टने येत नाहीत, इमेज असली की नव्या एसएसडीवर होतं तसं बसतं. मी वीम कंपनीचा फ्री एजंट (बॅकअपचंच सॉफ्टवेअर) वापरते, काम चालू असताना मागे बॅकअप होतो, आणि इमेजमधून एखादीच फाइलसुद्धा काढता येते. क्लोनझिला फुकट आणि दणकट, पण पीसी विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून सुरू (बूट) करून निळ्या स्क्रीनवर सगळं निवडायचं, आणि साध्या सेटिंगला मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर रिस्टोअर होत नाही. माऊस हवा असेल तर रेस्क्यूझिला बघा, क्लोनझिलाच्या इमेज त्यालाही चालतात.

आता माझी फजिती. दर रविवारी इमेज काढायचे, दीड वर्ष. एसएसडी गेला त्या दिवशी लक्षात आलं की रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवलाच नाही. पीसीच सुरू होत नाही तर इमेज उघडणार कशात? शेजारच्या काकांचा लॅपटॉप मागून आणला, रात्री दीडपर्यंत चाललं, वर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू होतं आणि त्याची रिकव्हरी की कुठे लिहिलीय ते आठवेना. त्यामुळे कुठलंही घ्या पण आधी पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून एकदा बूट करून आपली इमेज त्यात दिसते का बघा, आणि की वहीत लिहा, त्याच पीसीत नको.

कळवा_लोकल:
आणि बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क कायम लावून ठेवू नका, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तर पीसीसोबत बॅकअपपण लॉक होतो. गूगल ड्राइव्हवर सिंक आहे म्हणून निवांत राहू नका, इकडे फोल्डर उडवलं की तिकडेही उडतं, ट्रॅशमध्ये मिळतं पण काही दिवसच. आमच्याकडे फोटोंची एक कॉपी डोंबिवलीला आईकडे, गव्हाच्या डब्यामागे 😄

नौपाडा_नाना:
डब्यात नाही ना?

घणसोलीकर:
अपडेट देतो. फोटो सगळे उतरले, जीव भांड्यात पडला. नोट्सही आल्या. मग वीम टाकलं, सी ड्राइव्हची इमेज नव्या एक्स्टर्नलवर काढली, ताई म्हणाल्या तसं पेनड्राइव्हवरून बूट केलं तर पहिल्यांदा डिस्कच दिसेना, मागच्या पोर्टला लावली तेव्हा दिसली. हिशोबाच्या फोल्डरपर्यंत येता येता जुनी डिस्क गप्प झाली, २०२३ ची एक एक्सेल अर्धीच आली. छापील प्रत आहे फाइलमध्ये, रविवारी टाइप करत बसेन. आमच्या सोसायटीतलं कोणी इथे असेल तर प्लीज चेअरमनना बोलू नका.