अनुभव धागा: कळा सुरू झाल्यावर ओठांवर काय आलं?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाळंतपणाची साक्ष द्यायला बाई उभी राहिली की दोन वाक्यांत बसते. प्रभूनं सुखरूप सोडवलं, त्याच्या नावाला गौरव असो. टाळ्या, गाणं, पुढची साक्ष. मधलं सगळं गायब! रात्रभर काय झालं, प्रार्थना सुचली की नाही, रागबिग आला का, हे कोणी बोलत नाही. ते मधलं इथे लिहा. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल, कोणीही चालेल. पुरुषांनीही लिहावं. फक्त दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं नकोत, आणि एकमेकींना उपदेश नको.

सुरुवात मीच करते. मी जालन्याची. आमचं मूळ बेथेलचं, म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीचं. घरात २३ वं स्तोत्र लेकराला बोलता यायला लागलं की पाठ करून घेतात. मला वाटलं, तेच कामी येईल. कळा चढल्या तेव्हा ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढंच यायचं, पुढचं दातांत अडकायचं. शेवटी नुसतंच ‘मेंढपाळ, मेंढपाळ’ चाललं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, “नवऱ्याचं आडनाव हाय का गं?” मग सासूबाईंनी सूत्र हातात घेतलं. कळ ओसरली की त्या पुढची ओळ म्हणायच्या, मी ऐकायची. मृत्युच्छायेची दरी आली तशी त्यांनी ती ओळ गाळून टाकली आणि सरळ हिरव्या कुरणावर परत गेल्या. हे माझ्या लक्षात आलं आणि त्या अवस्थेत मला हसू फुटलं. आजही सगळ्यांत जास्त तेच आठवतं.

धारूरकडची मावशी (भाची लिहून घेतेय)

मी सांगायलेय तसंच लिही म्हणलं पोरीला. आमचा कोयता, म्हंजी ऊसतोडीची नवराबायकोची जोडी, कोल्हापूरकडं होता, कारखान्यावर. उचल घेतलेली, म्हणून दिवस भरत आले तरी मोळ्या बांधत होते. मुकादमाला काय, कोयता मोडायला नको. रात्री कोपीत, म्हंजी झोपडीत, कळा लागल्या. तिथं कुठलं चर्च आन् कुठले पाळक. आमचे मालक, म्हंजी नवरा, गाडी बघायला गेले, गाडी काय मिळंना. शेजारच्या कोपीतली बाई तांड्यावरची, लमाणाची. तिनं पाणी उकळायला ठेवलं, ब्लेडचं नवं पान त्यात टाकलं. ती सेवालाल महाराजाचं नाव घ्यायली, मी येशूचं. मला गाणीबिणी काय आठवली नाहीत. नाताळ नुकताच होऊन गेलता, आन् बैलं पलीकडंच बांधलेली. दर नाताळाला पाळकसाहेब गोठ्यातल्या बाळाचं सांगतात, आपण माना हालवतो. त्या रात्री माझ्या डोक्यात एकच घुमायलं: मरीयेला पाणी कुणी तापवून दिलं आसंल? तवापासून मी प्रार्थना करते तर येशूच्या आधी त्याच्या मायची आठवण येती. पाळकांना सांगितलं नाही.

पोरगी झाली. वार पडायला लई येळ लागला, तेवढ्यात भ्याले. आता ती पोरगी नर्स हाय.

लेबर रूमवाली, ग्रामीण रुग्णालय

मावशी, तुम्ही वाचलात हे नशीबही आहे, वार अडकली की किती रक्त जातं ते मी रोज बघते.

मी ख्रिस्ती, नोकरी बाळंतपणाच्या खोलीत. सगळ्या जातीधर्माच्या बाया येतात. कळ आली की आधी ‘माय गं’ निघतं, देव नंतर. ख्रिस्ती बाईचंही तसंच. त्यामुळे ‘मला प्रार्थनाच सुचली नाही’ म्हणून जिवाला लावून घेऊ नका.

एक मात्र स्पष्ट लिहिते. आमच्याकडच्या काही जुन्या बाया उत्पत्तीचा तिसरा अध्याय दाखवतात, हव्वेला सांगितलंय की वेदनेनं प्रसवशील, म्हणून दुखणं कमी करणारं इंजेक्शन घेऊ नये. हा वाद फार जुना आहे. एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्पसननं १८४७ मध्ये बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिला तेव्हा धर्माच्या नावानं हाच आक्षेप पुढे आला होता. गडी स्वतः देवभक्त. त्यानं त्याच उत्पत्तीतला आधीचा अध्याय उघडला: आदामाची फासळी काढायच्या आधी देवानं त्याला गाढ झोप आणली! पुढे १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीनं बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि तोंडं बरीच बंद झाली. आपल्याकडे तालुक्याला पाठीतलं इंजेक्शन मिळतच नाही ही गोष्ट वेगळी, पण मिळत असेल तर पाप म्हणून नाकारू नका.

आणि डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, झटके, अंगावरून रक्त जाणं, बाळाचं फिरणं कमी होणं, यातलं काहीही दिसलं की आधी १०८ ला फोन. प्रार्थना गाडीत बसून करा, तिथेही ऐकली जाते. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींची नावं आहेत, फारोचं नाव मात्र दिलेलं नाही. देवाला सुइणीचं काम कळतं, एवढंच मी त्यातून घेते.

लातूर, सिझरवाली

बाळ आडवं होतं. शेवटपर्यंत फिरलं नाही, सिझर ठरलं. पाठीत सुई दिली, कमरेखालचं अंग परक्याचं झालं, समोर हिरवा पडदा. थिएटरात कोणाच्या तरी मोबाइलवर हिंदी गाणी चालू होती. मी मनात १२१ वं स्तोत्र धरलं, ‘मला साहाय्य कोठून येईल?’, तर त्याला त्या सिनेमातल्या गाण्याची चाल लागली. आता चर्चमध्ये ते स्तोत्र वाचलं की माझी मान डोलते, नवरा कोपर मारतो.

बघायला आलेल्या एका भगिनीनं विचारलं, “उपास-प्रार्थनेत कमी पडलीस का गं, नॉर्मल नाही झालं ते?” मी तेव्हा गप्प बसले. आज इथे उत्तर देते: आडव्या बाळाची वाट बघत बसले असते तर तुम्ही माझ्या माघारी भजनं म्हणायला आला असतात.

नांदेड

तुमच्या हसण्याच्या गोष्टींत माझी बसणार नाही, तरी लिहू का?

> धागाकर्ती: लिही गं. त्यासाठीच आहे धागा.

नवव्या महिन्यात ठोके लागेनात. तरी बाळंतपण तर करावंच लागतं. कळांचं सलाईन लावलं. त्या कळाही तेवढ्याच दुखतात, हे कोणी आधी सांगत नाही. पाळकसाहेब आले, बराच वेळ काहीच न बोलता बाकावर बसून राहिले, त्यांचे उपकार मानते. मंडळीतल्या इतरांनी मात्र वचनं आणली. योहानाच्या सोळाव्या अध्यायातलं ते, बाळ जन्मलं की बाईला आपले कष्ट आठवत नाहीत. कोणीतरी खरंच ते म्हणालं, माझ्यासमोर. चांगल्या मनानंच.

त्या रात्री मी देवाशी भांडले, वाईट शब्दांत. राहेल रस्त्यात बाळंत होऊन मेली, तिची गोष्ट पवित्र शास्त्रात आहे, कोणी ती पुसली नाही, एवढ्यावर मी नंतर परत चर्चला जायला लागले. नंतर दोन मुलं झाली. मुलं किती विचारतात तेव्हा मी तीन सांगते.

वैजापूर तालुका, कॅथलिक

आमच्याकडे जपमाळ. आईनं हातात दिली आणि सांगितलं, डोळे मिटून मणी सरकव. त्याचा उपयोग असा झाला की वेळ मोजता आली. एका कळेत चार-पाच ‘नमो मारिया’ बसायचे. पुढे पुढे सात-आठ बसायला लागले, तेव्हा कळलं कळा लांबायल्यात, सिस्टरला हाक मारली. भक्ती किती झाली ते मारियेला ठाऊक. दहा मण्यांचा एक टप्पा धड पूर्ण झाला नाही, पण मध्येच सोडलं तरी माळ हातात असते, पुन्हा कुठूनही धरता येते. पाठ केलेल्या वचनाचं तसं नाही, तुटलं की तुटलं.

एक नवरा, अंबाजोगाई

आत सोडलं नाही. दाराबाहेर मी, सासरे आणि चहाचे कप. सासरे मोठ्यानं प्रार्थना करायचे, अख्खा व्हरांडा वळून बघायचा. मला मोठ्यानं जमत नाही. मी मोबाइलवर बातम्या वाचत होतो, असं बायको आजही सगळ्यांना सांगते. बातम्या नव्हत्या, स्तोत्रसंहिता उघडली होती, पण एकच ओळ परत परत वाचत होतो आणि ती कोणती ते आता आठवत नाही. पुढच्या वेळी आत थांबायचा विचार आहे.

> लेबर रूमवाली: सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत एकीला थांबू देण्याच्या केंद्राच्या सूचना आहेत, बाई असावी आणि शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली असावी. खासगीत नवऱ्याला सोडतात कुठेकुठे. आधीच विचारून ठेवा, ऐन वेळी वाद नको.

परभणी, लग्नानंतर ख्रिस्ती घरात आलेली

माझी अडचण कळांच्या वेळी नव्हती, पाचव्या दिवशी होती. माहेर हिंदू. आई पाटा-वरवंटा, कोरा कागद, पेन सगळं घेऊन आली, सटवाई रात्री येऊन लेकराचं नशीब लिहिते म्हणून. सासूबाई म्हणाल्या, आमच्यात हे नाही, पाळक येऊन प्रार्थना करतील. दोघी स्वयंपाकघरात, आवाज चढलेले. मी टाके सांभाळत बाहेर. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. पूजा नाही, पण आईनं आणलेला कागद-पेन ठेवायचा, आणि पाळकांनी त्यावर १३९ व्या स्तोत्रातलं आईच्या उदरात घडवल्याचं वचन लिहायचं. आई म्हणाली, अक्षर तरी चांगलं आहे का त्यांचं? नव्हतं. कागद आहे अजून, वाचता येत नाही.

माझ्या स्वतःच्या कळांत मी कोणाला हाक मारली? खरं सांगू, खंडोबाला. सवयीनं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, जो आला तो आला.

नवीन, आठवा महिना, हिंगोली

सगळ्यांचं वाचून काढलं. वैजापूरच्या ताईंना आणि सिस्टरांना विचारायचं होतं, जपमाळ आत नेऊ देतात का? आमची चांदीची आहे, आजीची.

> लेबर रूमवाली: चांदीची घरी ठेव, हरवते. सिझरची वेळ आली तर अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावतात. दोऱ्याची, लाकडी मण्यांची घे. आणि फाइल, रक्तगटाचा कागद, सोनोग्राफीचे रिपोर्ट एका पिशवीत आत्ताच भरून ठेव.

> वैजापूर: दोऱ्याची माझ्याकडे जास्तीची आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पाठवते.