पाच ग्रॅमच्या दाबानं कवटी जुळवणारे

रंकाळावासी: काल इथं एकानं टाकलं होतं, ‘गाडीवरून पडून डोक्याला मार बसलाय? कवटीची हाडं हलक्या हातानं जुळवतो, सात बैठकांत चक्कर गायब.’ वाचून डोकंच उठलं. ही टूम सदरलँड नावाच्या अमेरिकन ऑस्टिओपॅथची, म्हणजे हाडं-सांधे हातानं दाबून उपचार करणाऱ्याची; १९३९ ला पुस्तक काढलं त्यानं. पुढं १९७० च्या दशकात अपलेजर नावाच्या दुसऱ्या अमेरिकन ऑस्टिओपॅथनं त्याची थेरपी बनवली. दाब किती? पाच ग्रॅम! मोठ्या माणसाच्या कवटीचे सांधे एवढ्यानं हलत असते, तर आमच्या न्हाव्याच्या चंपीनं माझं डोकं चौकोनी झालं असतं.

लालमातीकर: चंपीला नावं ठेवू नका. तालमीत खांदा निखळला की वस्तादच बसवायचे. १९१२ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं, तवा एमआरआय हुता काय?

शाहूपुरीची लेक: खांदा आणि डोकं एकच का हो? माझा मामा गाडीवरून पडला, उठला, चहा पिऊन घरी आला. तीन आठवडे डोकं दुखतंय म्हणून रगडून घेत बसला. पाय ओढायला लागल्यावर सीटी स्कॅन केला, तर आत रक्त साकळलेलं. कवटीला भोकं पाडून काढलं. वाचला, पण त्या रगडणाऱ्यानं एकदाही ‘डॉक्टरला दाखवा’ म्हटलं नाही.

लालमातीकर: वाईट झालं. पण मी वीस वर्षं दर रविवारी न्हाव्याकडं मान मोडून घेतोय. कडाड्! काय झालं मला?

रंकाळावासी: मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून लकवा भरलेली माणसं आहेत, मर्दा.

लालमातीकर: जेवून ठसका लागून पण मरतात. जेवायचं सोडू?

शाहूपुरीची लेक: हेल्मेट घाला म्हटलं की ह्यांची मान दुखते, आणि मोडून घ्यायला रविवारी रांगेत!

लालमातीकर: हेल्मेटचा विषय काढू नका. आधी खड्डे बुजवा म्हणावं.

फिजिओताई: खड्डे राहू द्यात, मी कानातल्या खड्यांचं बोलते, म्हणजे कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक कण. मार बसल्यावर ते जागचे सरकतात, कूस बदलली की खोली फिरते. मानेला इजा नाही ना, हे बघून डोकं ठरावीक क्रमानं वळवलं की पुष्कळांना एका बैठकीत आराम पडतो. एप्ली म्हणतात त्याला. सगळंच हातानं करणं थोतांड नाही.

रंकाळावासी: बरं बाई, एवढं मानलं. पण त्यात खडे हलतात, कवटी नव्हं.

लालमातीकर: म्हंजे हातानंच की! सकाळपास्नं मी काय बोंबलतोय?

फिजिओताई: दादा, खडा कुठल्या कानात सरकलाय ते आधी ओळखावं लागतं. तुमचा न्हावी ओळखतो?

लालमातीकर: इचारतो रविवारी.